पंचमीचा मुराळी

“हा फेटा कुणाचा?” मी विचारलं.

सुलभाताई मगदूम चहा गाळत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, “केंद्राचा.”

“केंद्राचा म्हणजे?”

“म्हणजे केंद्राचा. कपाट केंद्राचं, पंखा केंद्राचा, तसा फेटा केंद्राचा. साखर किती घालू?”

घरात मार खाणाऱ्या बायकांना मदत करणारी केंद्रं बघत मी त्या श्रावणात फिरत होते. पुण्याच्या एका संस्थेत मी नोकरीला होते. कुठलं केंद्र कसं चालतं ते बघायचं आणि परत येऊन सांगायचं, एवढंच माझं काम. तोवर पाहिलेली सगळी केंद्रं जुळ्या बहिणींसारखी होती. भिंतीवर मूठ उगारलेल्या बाईचं चित्र, टेबलावर पाण्याचा जग, कोपऱ्यात लहान मुलांसाठी चाक निघालेली खेळण्यातली मोटार. कृष्णाकाठच्या या तालुक्याच्या गावातही ते सगळं होतंच. पण इथे शिवाय खुंटीला गुलाबी फेटा होता आणि त्याच्या खाली लाल कापडाने झाकलेली वेताची बुट्टी. मला विचारायची खोड फार. आई म्हणायची, ही जन्मली तेव्हा रडायच्या आधी सुईणीला काहीतरी विचारणार होती.

“आणि बुट्टी?”

“तीही केंद्राचीच,” सुलभाताई हसल्या.

एवढ्यात दारात जीप थांबली आणि पन्नाशीचा, भरघोस मिशांचा एक गृहस्थ आत आला. हे हिंदुराव आण्णा. गावोगावी माणसं भरून नेणारी वडापची जीप चालवायचे आणि सुलभाताईंनी बोलावलं की केंद्राच्या कामाला यायचे. त्यांनी खुंटीवरचा फेटा उतरवून सरळ डोक्यावर चढवला.

“निघायचं न्हवं, ताई? मालन कुटं हाय?”

“मालन माहेरी गेली. सकाळीच तिचा भाऊ आला न्यायला.”

आण्णा मटकन खुर्चीत बसले आणि खो खो हसायला लागले. “घ्या! मुराळी तयार आन वहिनीच माहेराला!”

पंचमीच्या सणाला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. बहुधा सख्खा भाऊ, नाहीतर चुलत, मावस, कुणीतरी. हे मला ऐकून माहीत होतं. आमच्याकडे पुण्यात भाऊ फोन करतो, येतेस का म्हणून विचारतो आणि आपण नाही म्हणतो. इथे मात्र उद्याच्या पंचमीसाठी येताना रस्ताभर झाडांना झोके बांधलेले मी पाहिले होते.

सुलभाताई माझ्यासमोर बसल्या. “इथून पुढे एक वाडी आहे. नाव नाही सांगत. सुवर्णा म्हणून पोरगी आहे, नवरा धनाजी. लग्न झाल्यापासून मारतोय. मागच्या महिन्यात हात मोडला. एक लेकरू आहे. आज तिला बाहेर काढायचं.”

“पोलिसांना घेऊन नाही जात?”

“जातो की. पोलिस आले तर बाई निघते, पण लेकराला नवरा धरून बसतो. मग पुढे तारखा. आणि लेकराशिवाय सुवर्णा उंबरा ओलांडणार नाही. मागे एक बाई अशीच अर्ध्या वाटेवरून परत गेली होती. पुन्हा ती काही आमच्याकडे आली नाही.” त्या जरा थांबल्या. “मुराळ्याला मात्र सणाच्या तोंडावर, गल्लीदेखत, कुणी दारातून परत लावत नाही. ते फार लाजिरवाणं असतं इथे.”

मला ही युक्ती इतकी आवडली की मी टाळी वाजवायची तेवढी बाकी ठेवली. मग नेहमीप्रमाणे प्रश्न आलाच. “पण घरच्यांना कळत नाही? सुनेचा भाऊ कोण हे त्यांना माहीत नसतं?”

“चहा घ्या, निवतोय,” सुलभाताई म्हणाल्या. “तुम्हाला साडी नेसता येते ना?”

तासाभरात मी सुलभाताईंच्या हिरव्या साडीत, हातात चुडा आणि मांडीवर बुट्टी घेऊन जीपमध्ये बसले होते. बुट्टीत लाह्या, शेंगदाण्याचे लाडू, खण आणि नारळ. मालनच्या जागी आता मी, आण्णांच्या धाकट्या भावाची बायको. आण्णा सुवर्णाचे थोरले चुलतभाऊ, बेळगावकडचे. सुवर्णाचे वडील नाहीत, आई तिकडेच दुसऱ्या लेकीकडे असते, एवढी माहिती फोनवरून मिळालेली.

“म्याडम, एक सांगतो,” आण्णा गिअर टाकत म्हणाले. “थितं तोंड उघडायचं न्हाई. तुमी एकदा ‘अहो, नाही का’ म्हणाला की खेळ खलास.”

“मग मी काय करू?”

“पदर घ्या आन लाजा.”

मला लाजायची फारशी सवय नव्हती. पण खरं सांगायचं तर मजा वाटत होती. दुसऱ्याच्या संकटात आपल्याला मजा वाटावी हे काही बरं नाही, असं मी स्वतःला दोनदा बजावलं. त्याने काही फरक पडला नाही.

वाडीत शिरताना आण्णांनी उगाचच हॉर्न वाजवला. बायका दारात आल्या. पोरं जीपमागे धावली. “कुणाकडं आलाय?” एकीने विचारलं. “आमच्या सुवर्णाकडं! मुराळी हाय मी!” आण्णा इतक्या मोठ्याने ओरडले की पलीकडच्या गल्लीतही ऐकू गेलं असेल. हे चोरून न्यायचं काम आहे अशी माझी समजूत होती. पण इथे तर वाजतगाजत चाललं होतं.

घर कौलारू, पुढे अंगण, कडेला गोठ्यात एक म्हैस. अंगणात एक काटक म्हातारी शेणाने सारवत होती. सुवर्णाची सासू, आनुसाबाई. तिने हात तसेच ठेवून आमच्याकडे पाहिलं आणि तोंडाचा जो पट्टा सुरू केला तो ऐकून माझा पदर आपोआपच पुढे आला.

“आला व्हय मुराळी! एवढ्या वर्सात वाट सापडली का आज? आमची सून काय रस्त्यावर सापडली हुती आमाला? सणाला न्हाई, सुदीला न्हाई, आन आज बुट्टी घिऊन उभा!”

“चुकलं, आक्का,” आण्णांनी हात जोडले. “बेळगावकडनं येणं हुत न्हाई.”

“सुवर्णे! ए सुवर्णे! बघ कोण आलाय! तुझा बेळगावचा दादा!”

सुवर्णा दारात आली. पंचविशीची, उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या कडेवर लेकरू. ती आमच्याकडे अशी बघत राहिली, जणू जन्मात कधी आम्हाला पाहिलं नव्हतं, आणि ते खरंच होतं. तिला सगळं ठाऊक असेल, ती आत्ता ‘दादा’ म्हणून पुढे येईल, अशी माझी खात्री होती. ती हललीच नाही. शेजारची बाई दोन घरांमधल्या कुडावरून मान उंच करून बघत होती. तिचं नाव मंगल, हे मागाहून कळलं.

“बघत काय उभी ऱ्हायलीस?” सासू खेकसली. “भावाला वळखंना झालीस व्हय? पानी आन जा!”

सुवर्णा लेकराला अंगणात सोडून आत गेली. आण्णांनी प्रसंग सावरायला अंगणात रांगणाऱ्या लेकराला उचललं. शर्ट-चड्डी घातलेलं, मानेवर रुळणारं जावळ.

“वा रं वा, केवढा झाला माझा भाचा!”

“भाचा?” आतून पुरुषाचा आवाज आला आणि धनाजी बाहेर आला. शर्टाची बटणं लावत, डोळे लाल. “ही पोरगी हाय.”

माझ्या हातातली बुट्टी कलली. सुलभाताईंनी फोनवर ऐकलं होतं ते फक्त ‘लेकरू’. मुलगा की मुलगी, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी जगाला प्रश्न विचारत सुटते आणि नेमका हाच राहिला होता.

आनुसाबाईने कपाळाला हात लावला, शेणासकट. “बघा! ह्यो मामा! भाची का भाचा त्येबी ठावं न्हाई! बारशाला आला असतास तर कळलं असतं! कळवलं हुतं का न्हाई? सांग, कळवलं हुतं का न्हाई?”

“कळवलं हुतं,” आण्णा खाली मान घालून म्हणाले.

“मग? तोंड वर करून सांगतोय, कळवलं हुतं!”

मंगल तोंडाला पदर लावून हसली. गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी कुडापाशी येऊन उभ्या राहिल्या. मला त्या म्हातारीचा रागच आला. सुनेचा हात मोडलाय, लेक समोर डोळे लाल करून उभा आहे आणि हिला बारशाचं पडलंय.

धनाजी मात्र हसला नाही. तो आण्णांच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. “मी तुमास्नी कधी बघितलं न्हाई. लग्नात बी न्हवता तुमी.”

आण्णा काही बोलायच्या आत आनुसाबाई पुढे सरसावली. “तू लग्नात कुटं सुदीवर हुतास, तुला कोण दिसलं? अंतरपाट धरला तवा दोघांनी काखेत धरून हुबा केला हुता तुला. मी बघितला की ह्येला. पंगतीत बुंदी वाढत हुता.”

कुडापलीकडे खसखस पिकली. धनाजीचं तोंड उतरलं. सगळ्या गल्लीने ते लग्न पाहिलेलं होतं. त्यावर त्याला पुढे काही विचारताच येईना.

मी मात्र चक्रावले. आण्णा खरंच त्या लग्नाला गेले होते की काय? की म्हातारीला भास झाला? मी आण्णांकडे पाहिलं. ते मिशीवरून हात फिरवत होते.

“चार दिवस जाऊ दे तिला,” धनाजी शेवटी म्हणाला. “पर पोरगी हितंच ऱ्हाईल.”

सुवर्णा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. तो तिच्या हातातून पडला नाही, पण तिने तो खाली ठेवला आणि डाव्या हाताने चौकट धरली. ती आता त्या हाताची पकड सोडणार नाही हे मला स्पष्ट दिसलं. आमचं सगळं सोंग त्या एका वाक्यापाशी येऊन अडकलं होतं. “आईबिगर लहान पोर...” आण्णा पुटपुटले.

“मी हाय की सांभाळायला!” आनुसाबाई ओरडली. “आमची नात आमास्नी जड न्हाई झाली! तुमी कोण पोरीचं करणार? हे बघा, जावळ बघा पोरीचं! वरीस उलटून गेलं, डोळ्यात केस जात्यात. मामाच्या मांडीबिगर जावळ काढत न्हाईत म्हणून थांबलोय आमी. आन मामा कुटं? मामा बेळगावात! लोकं आमाला नावं ठेवत्यात, तिच्या मामाला कोण काय म्हणत न्हाई!”

आण्णांनी मान वर केली. “म्हंजे जावळ काढायचंच ऱ्हायलंय?”

“मग काय मी खोटं सांगतीय?”

“मग पोरीला न्यायलाच पायजे, आक्का. श्रावणात म्हूर्त बी चांगला हाय. माझ्या मांडीवर काढतो जावळ, पोरीला नवा झगा शिवतो.”

“हांऽऽ,” कुडावरून मंगल म्हणाली. “जावळ मामाकडंच पायजे.” दुसरीने मान डोलावली. तिसरी म्हणाली की तिच्या नातवाचं असंच राहिलं आणि पोराला सारखी सर्दी होते. अंगणात एकदम जावळाची चर्चाच सुरू झाली. धनाजी त्या बायकांकडे बघत राहिला आणि मग पायातली चप्पल आपटत गोठ्याकडे निघून गेला.

आनुसाबाईने हात धुतले. बडबड करतच तिने आमची बुट्टी आत नेली. मुराळ्याची बुट्टी रिकामी परत द्यायची नसते. ती परत आली तेव्हा बुट्टी चांगलीच जड झाली होती. तिने सुवर्णाची ओटी भरली, पोरीच्या कपाळाला काजळाचं बोट लावलं. मग आण्णांकडे वळून म्हणाली, “तिचं नशीब बरं, उशिरा का हुईना कोण आलं. मला न्यायला कधी मुराळी न्हाई आला. एक भाऊ हुता, त्यो लवकर गेला.”

“मी हाय की, आक्का,” आण्णा म्हणाले.

“बघू, किती शब्दाचा हाईस.” आणि पुन्हा आवाज चढवून, “निघा आता! न्हाईतर उशीर केला म्हणून मलाच बोलशीला!”

जीप सुरू झाली. साखर कारखाना मागे पडला. पूल ओलांडल्यावर सुवर्णाने मला विचारलं, “तुमी कोण?”

मी सांगितलं. केंद्राबद्दल सांगितलं. आज कुठे राहायचं, उद्या काय करायचं, सगळं. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं, शब्दांकडे नव्हतं.

“तुम्ही फोन केलात ते फार बरं केलंत,” मी म्हणाले.

“मी न्हाई केला. माझा फोन त्येनी कवाच फोडलाय.”

“मग तुम्हाला आम्ही येणार हे माहीत नव्हतं?”

“न्हाई.”

“ओळख ना देख, मग निघालात कशा आमच्याबरोबर?”

सुवर्णा बाहेर बघत म्हणाली, “म्हटलं, कोण का असंना. हितनं न्हेतोय न्हवं.”

तेवढ्यात पोरगी भुकेने रडायला लागली म्हणून मी बुट्टीवरचं कापड काढलं. वर धपाटी होती, लाह्या होत्या. लाडू खाली असतील म्हणून मी हात घातला तर बोटांना लोकर लागली. लाल-पांढरा लहान स्वेटर, कानटोपी, पायमोजे. त्याखाली आणखी एक स्वेटर, जरा मोठा, पुढच्या वर्षी बसेल असा.

श्रावण चालला होता. जीपच्या काचांवर घामाची वाफ धरली होती. चार दिवस मामाकडे जाणाऱ्या पोरीला लोकरीचे कपडे कशाला लागणार होते?

“हे कुणी विणलं?” मी विचारलं.

“आत्तींनी,” सुवर्णा म्हणाली. सासूला ती आत्ती म्हणायची. तिने तो मोठा स्वेटर हातात घेतला, उलटापालटा केला. मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. “त्यो मारायला लागला की आत्ती अंगणात जाऊन वरडायच्या, म्हैस सुटली, म्हैस सुटली. सगळी गल्ली गोळा व्हायची. लोकं आली की त्यो थांबायचा. मला असा राग यायचा. हितं माझा जीव चाललाय आन हिला म्हशीचं पडलंय.”

ती थांबली.

“म्हैस दावणीलाच असायची ओ,” ती म्हणाली आणि स्वेटर तोंडावर धरून रडायला लागली. पोरगी रडायची थांबली आणि आईकडे बघत राहिली.

आण्णांनी जीप कडेला घेतली. मी त्यांना हळूच विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“न्हाई. सुलभाताई मला बी सांगत न्हाईत. थितं गेल्यावर कळतं.”

“कसं काय कळतं?”

“जे माणूस सगळ्यात मोठ्यानं वरडतं, त्येचं आपण ऐकत ऱ्हायचं,” आण्णा म्हणाले आणि फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसले.

संध्याकाळी मी सुलभाताईंशी भांडले. “फोन सासूचा होता हे मला आधी सांगायचं होतंत! मी त्या म्हातारीला मनातल्या मनात काय काय बोलले!”

“सांगितलं असतं तर तुम्ही तिच्याकडे बघितलं असतंत,” सुलभाताई म्हणाल्या. “एकदा जरी ओळखीचं बघितलं असतंत ना, धनाजीला कळलं असतं. आम्ही घराला फसवायला जात नाही. घरात एक तरी माणूस असं असतं की ज्याला ती सुटायला हवी असते. त्याला ‘जा’ म्हणायला निमित्त लागतं. आम्ही ते घेऊन जातो.”

“आणि आता तिचं काय? ती त्या घरात एकटी...”

पहिल्यांदाच सुलभाताईंनी मला चहा विचारला नाही.

पुढच्या पंचमीला मी रजा टाकून तिथे गेले. सुवर्णा तोवर सांगलीत एका खानावळीत कामाला लागली होती आणि पोरीचं जावळ खरोखरच आण्णांच्या मांडीवर निघालं होतं. या वेळी फोन कुणीच केला नव्हता. बुट्टी सुवर्णाने भरून दिली. साडी मी स्वतःच नेसले.

अंगणात आनुसाबाई बसली होती. भुवईवर नव्याने भरत आलेली खोक होती. आण्णा खाली उतरले तशी ती उठून उभी राहिली. या वेळी तिला ओरडायला सुचेना.

“आक्का, न्यायला आलोय,” आण्णा म्हणाले.

कुडापलीकडून मंगलने विचारलं, “कोण आलंय ओ, काकू?”

आनुसाबाई कुडाकडे वळली. मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माझा भाऊ! पंचमीला न्यायला आलाय मला!”

ती आत गेली आणि एक बोचकं घेऊन आली. धनाजी घरात नव्हता. “किती दिस ऱ्हाणार?” मंगलने विचारलं. “चार दिस,” ती म्हणाली. मी बोचकं घेतलं. ती जीपकडे न येता गोठ्यात गेली, वाकून दावं सोडलं आणि म्हशीला घेऊन कुडाच्या फटीपाशी आली. दावं तिने मंगलच्या हातात दिलं.

“आता तुझ्या दावणीला बांध,” ती म्हणाली.

मंगल दाव्याकडे बघत राहिली. किती दिवसांसाठी, हे तिने पुन्हा विचारलं नाही. तिने पदर तोंडाला लावला, पण या वेळी ती हसत नव्हती.

“जावा, काकू,” ती म्हणाली. “त्येनं इचारलं तर सांगते, म्हैस सुटली म्हणून.”